शेपर्ड्स पाय : खरा कोणता आणि करावा कसा

खाली रसदार मटण, वर लोणी घालून मऊ केलेल्या बटाट्याचा जाड थर, आणि ओव्हनमधून बाहेर येताना वरची बाजू तांबूस, कडांना रस उकळून आलेला. शेपर्ड्स पाय म्हणजे एवढंच. ब्रिटनमध्ये तो घरांत होतो, शाळांच्या जेवणात असतो, पबच्या पाटीवर असतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलांनी तो शाळेत खाल्लेला असतो आणि मग आईकडे त्याची फर्माईश होते. इकडे पुण्या-मुंबईतही ओव्हन असलेल्या घरांत तो आता होऊ लागला आहे. करायला सोपा आहे, पण करायला घेतला की पहिला प्रश्न समोर येतो तो असा : पारंपरिक म्हणायचा तो कोणता?

ब्रिटनमध्ये कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे. मेंढीचं मांस असेल तर शेपर्ड्स पाय, गाईचं असेल तर कॉटेज पाय. मेंढपाळ मेंढ्या राखतो, गाई नाही, म्हणून त्याच्या नावाच्या पदार्थात मेंढीच हवी, असं त्यामागचं सरळ गणित. आज हा संकेत इतका पक्का आहे की हॉटेलनं बीफ घालून त्याला शेपर्ड्स पाय म्हटलं तर गिऱ्हाईक तक्रार करतं. संकेत म्हणून तो पाळायला माझी काहीच हरकत नाही. ताटात काय येणार हे नावावरून कळावं, हे चांगलंच. पण हाच नियम मुळापासून चालत आला आहे असं कोणी म्हणालं तर ते मात्र खरं नाही. जुनी पुस्तकं वेगळं सांगतात.

दोन्हींपैकी कॉटेज पाय हे नाव जुनं. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या जेम्स वुडफर्ड या पाद्र्यानं वर्षानुवर्षं रोजनिशी लिहिली आणि रोज काय जेवलो याची त्यात बारीक नोंद ठेवली. २९ ऑगस्ट १७९१ च्या नोंदीत त्यानं कॉटेज पायचा उल्लेख केला आहे. त्यात मांस होतं वासराचं. वरचं झाकण कशाचं होतं ते त्यानं लिहिलेलं नाही. पुढे १८०६ मध्ये मारिया रंडेल यांचं घरगुती स्वयंपाकाचं पुस्तक निघालं आणि अनेक वर्षं इंग्लंडच्या घरांत वापरलं गेलं. त्यात ‘सँडर्स’ नावाचा एक पदार्थ आहे : गाईचं किंवा मेंढीचं मांस बारीक करून कांदा, मिरी, मीठ आणि थोडा रस घालून बशांमध्ये भरायचं, वर साय घालून कुस्करलेला बटाटा, त्यावर लोण्याचा गोळा, आणि विस्तवासमोर वरून लाल करायचं. नाव वेगळं असलं तरी पदार्थ तोच आहे.

शेपर्ड्स पाय या नावाची कृती १८४९ मध्ये एडिंबरात छापलेल्या एका पाकपुस्तकात सापडते. ती नीट वाचण्यासारखी आहे. तिथे मांस ‘कोणतंही’ चालेल असं स्पष्ट म्हटलं आहे, अट एकच, ते आधी शिजलेलं आणि गार झालेलं हवं. त्याचा खिमा करायचा नाही, पातळ काप करायचे. हाडं फोडून थोड्या पाण्यात उकळायची, सगळं सत्त्व उतरेपर्यंत आटवायची, तो रस गाळून मांसावर ओतायचा, वर कुस्करलेला बटाटा पसरून सुरीनं नक्षी करायची आणि भाजायचं. म्हणजे आज ज्या मेंढीच्या खिम्यावर एवढा जोर दिला जातो, त्यातली मेंढीही सक्तीची नव्हती आणि खिमाही नव्हता. १८५० च्या दशकात तर हेच नाव स्कॉटलंडमध्ये मैद्याच्या पारीत मटण आणि बटाट्याच्या फोडी भरलेल्या पदार्थालाही वापरलं जाई.

इझाबेला बीटन यांच्या १८६१ च्या प्रसिद्ध ग्रंथात शेपर्ड्स पाय हे नावच नाही. पण गार मांसाच्या प्रकरणात भाजलेल्या, उरलेल्या मटणाचा एक पदार्थ दिला आहे : मटण बारीक चिरून, कांदा, सुगंधी पाल्याची जुडी, जायपत्री किंवा जायफळ, वाटीभर रस, आणि झाकायला कुस्करलेला बटाटा.

या सगळ्यांना एकत्र ठेवून पाहिलं की परंपरा कुठे आहे ते दिसतं. प्राणी बदलतो, काप की खिमा हे बदलतं, नावही बदलतं. बहुतेक कृतींत राहतात त्या तीन गोष्टी : आधी शिजलेलं मांस, मांसाचा रस, आणि बटाट्याचं झाकण. माझं मत या तीन गोष्टींच्या बाजूनं आहे. कच्च्या खिम्यापासून केलेला पाय आज सर्वत्र होतो, तो चुकीचा नाही, त्याचीही कृती पुढे देते. पण ‘पारंपरिक’ हा शब्द वापरायचा असेल तर तो उरलेल्या मटणाच्या पायलाच शोभतो, मग त्यात मेंढी असो वा नसो.

याचं कारण ब्रिटिश घराच्या आठवड्यात आहे. रविवारी मोठा मांसाचा तुकडा अख्खा भाजायचा, सगळ्या कुटुंबानं बसून खायचा. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. पाणी तापवणं, घासणं, पिळणं, वाळत घालणं यात दिवस जाई, नवा स्वयंपाक करायला सवड नसे. तेव्हा रविवारचं उरलेलं मटण गार खायचं किंवा त्याचा असा काही पदार्थ करायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेबलाला स्क्रूनं घट्ट बसवायचं, हातानं फिरवायचं खिम्याचं यंत्र घरोघरी आलं आणि कापांची जागा खिम्यानं घेतली. हाडालगतचे, शिरांचे, कडक झालेले तुकडेही त्यातून निघत, काही वाया जात नसे. पुढे दुसऱ्या महायुद्धात मांस रेशनवर आलं ते मार्च १९४० ते जुलै १९५४, म्हणजे युद्ध संपल्यावरही नऊ वर्षं. त्या काळात थोड्या मांसावर बटाटा आणि गाजरं वाढवून घर चालवणं ही प्रत्येक गृहिणीची गरज होती. १९४१ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्यानं तर मांस अजिबात नसलेला भाज्यांचा पाय तयार केला आणि तो अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या नावानं ओळखला गेला. उरलेलं वापरणं आणि थोडक्यात भागवणं हा या पदार्थाचा पिंड आहे. त्यात महागडे जिन्नस घालून तो ‘वाढवण्याचा’ प्रयत्न मला म्हणूनच पटत नाही.

आता करायला घेऊ.

मांस कोणतं घ्यायचं ते आधी. आपल्याकडे मटण मागितलं की बोकडाचं मिळतं. ते कमी चरबीचं आणि शिजायला वेळ घेणारं असतं. त्याचा पाय उत्तम होतो, फक्त तूप-लोणी थोडं सढळ हातानं घालावं लागतं आणि शिजवण्याची घाई करता येत नाही. मेंढीचंच हवं असेल तर पुणे आणि आसपासच्या भागात ‘बोल्हाई मटण’ अशी पाटी असलेली दुकानं शोधा. वाडेबोल्हाईच्या देवीला मानणाऱ्या कुटुंबांत बोकडाचं मटण वर्ज्य असतं, ती मेंढीचंच खातात, त्यांच्यासाठी ही दुकानं चालतात. ब्रिटनमध्ये आज ज्याला लँब म्हणतात ते वर्षाच्या आतल्या कोकराचं, मऊ आणि सौम्य. बीटनबाईंच्या पुस्तकातलं मटण मोठ्या मेंढीचं, उग्र वासाचं आणि दाट चवीचं होतं. त्यामुळे आपल्याकडचं मेंढीचं मटण हे जुन्या पुस्तकाला लंडनच्या सुपरमार्केटमधल्या कोकरापेक्षा जवळचं आहे. खांदा किंवा मांडी घ्या, हाडासकट.

आपल्या घरांत भाजलेला अख्खा तुकडा उरण्याचा प्रसंग येत नाही. पण जुन्या कृतीला जी गोष्ट हवी आहे, म्हणजे शिजलेलं मटण आणि त्याचा स्वतःचा रस, ती आपल्या कुकरमध्ये सहज मिळते. कोल्हापूरकडे मटणाची अळणी काढतात तशीच काढायची, फक्त हळद आणि आलं-लसूण न घालता.

चार जणांसाठी साहित्य : हाडासकट मटण १ किलो, मोठे तुकडे, कांदे ३, गाजरं २, मिरीदाणे ८-१०, लोणी ३ मोठे चमचे, मैदा दीड मोठा चमचा, वूस्टर सॉस १ मोठा चमचा, जायपत्रीची एक पाकळी, कुटून, सुका थाइम अर्धा लहान चमचा, मीठ, ताजी मिरपूड. झाकणासाठी बटाटे ९०० ग्रॅम, लोणी ५० ग्रॅम, दूध ८० ते १०० मिली.

कुकरमध्ये मटण, एक कांदा अर्धा कापून, एक गाजर, मिरीदाणे आणि लहान चमचाभर मीठ घाला. मटण जेमतेम बुडेल एवढंच पाणी ओता. एक शिट्टी झाली की आंच बारीक करून वीस ते पंचवीस मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. कोकराचं असेल तर पंधरा मिनिटांत होतं, जून बोकडाला अर्धा तासही लागतो. मटण हाडावरून सुटायला हवं, पण त्याचा चोथा व्हायला नको. रस गाळून घ्या. सवड असेल तर तो फ्रीजमध्ये ठेवून वर जमलेली चरबी काढून घ्या आणि ती टाकू नका, कांदा परतायला लोण्याबरोबर तीच वापरा. मटण काढून घेतल्यावर हाडं पुन्हा रसात टाकून उघड्या पातेल्यात उकळा, रस साडेतीनशे मिलीपर्यंत आटला की चव घेऊन पाहा. तो नुसता प्यावासा वाटला पाहिजे. पुढचं सगळं या रसावर उभं आहे.

मटण सुरीनं मटारच्या दाण्याएवढं चिरा. मिक्सरला लावू नका, त्याचा गोळा होतो. हातानं चिरलेल्या मटणाला जो दाणा राहतो तोच या पायची खूण आहे, कच्च्या खिम्याच्या पायला तो येत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी आणि चरबी तापवून उरलेले दोन कांदे अगदी बारीक चिरून, बारीक आंचेवर परता. पंधरा मिनिटं द्या. आपल्याला रश्शासाठी कांदा तांबडा करायची सवय असते, इथे तो पिवळसर, मऊ आणि गोड झाला की थांबायचं. दुसरं गाजर बारीक चिरून घाला, पाच मिनिटं परता. मैदा भुरभुरवून मिनिटभर हलवा, मग गरम रस थोडा थोडा घालत जा म्हणजे गुठळी होणार नाही. थाइम, जायपत्री, वूस्टर सॉस, मिरपूड घालून दहा मिनिटं मंद उकळा. डाव पातेल्याच्या बुडावरून ओढला की मागे बूड क्षणभर दिसावं आणि रस सावकाश परत यावा, एवढं दाट. आता आंच बंद करून मटण मिसळा. शिजलेलं मटण पुन्हा उकळत ठेवलं तर कोरडं होतं, म्हणून ते शेवटी.

मसाल्यांबद्दल थोडं. आपलं तमालपत्र आणि युरोपातलं बे लीफ ही वेगवेगळ्या झाडांची पानं आहेत. तमालपत्राला दालचिनीचा वास असतो, तो इथे भलताच वाटतो. बे लीफ मिळालं तर घाला, नाही तर काहीच घालू नका. थाइमऐवजी ओवा घालावा असं सुचवलं जातं, कारण दोन्हींत थायमॉल असतं. पण ओव्याचा जोर फार, तो मटणावर चढून बसतो. त्यापेक्षा जायपत्री आणि मिरी पुरे. वूस्टर सॉसमध्ये चिंच, मळी, व्हिनेगर आणि मुरवलेली मासळी असते. बाटली नसेल तर लहान चमचाभर चिंचेचा कोळ, अर्धा चमचा सोया सॉस, व्हिनेगरचे चार थेंब आणि चिमूटभर साखर असं मिश्रण जवळपास तेच काम करतं.

कच्च्या खिम्याचा पाय करणाऱ्यांसाठी : अर्धा किलो खिमा घ्या आणि तो खाटकाकडून एकदाच काढून घ्या, दोनदा काढलेला फार बारीक होतो. पातेलं चांगलं तापवून खिमा दोन-तीन वेळा वाटून परता. एकदम टाकलात तर पाणी सुटतं आणि खिमा परतला जाण्याऐवजी उकडला जातो. प्रत्येक घाणा तपकिरी, खरपूस व्हायला हवा. मेंढीच्या खिम्याची जास्तीची चरबी काढून टाका, बोकडाच्या खिम्याला उलट दोन चमचे लोणी घाला. मग वरच्याप्रमाणेच कांदा, गाजर, मैदा. इथे एक चमचा टोमॅटो प्युरी चालते, आणि कोणताही चांगला रस साडेतीनशे मिली. कोकराचा खिमा अर्धा तास ते चाळीस मिनिटं आणि बोकडाचा तासभर, झाकण अर्धं ठेवून मंद आंचेवर शिजवा. आटला तर पाणी घाला. वीस मिनिटांत उरकलेला खिमा दाताखाली रबरासारखा लागतो आणि ओव्हनमध्ये तो मऊ होत नाही.

आता बटाटा. बहुतेकांचा पाय बिघडतो तो मटणानं नाही, बटाट्यानं. ब्रिटनमध्ये असाल तर मारिस पायपर किंवा किंग एडवर्ड घ्या, दोन्ही पिठूळ जाती आहेत. आपल्या मंडईत जातीचं नाव विचारून उपयोग होत नाही. नवा, पातळ सालीचा, पाणीदार बटाटा टाळा, मुरलेला जुना बटाटा घ्या. शंका असेल तर एक परीक्षा आहे : अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडा. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त, म्हणून तो जड असतो आणि बुडतो. चिकट बटाटा तरंगतो, तो रस्साभाजीला ठेवा. शीतगृहातून नुकताच आलेला बटाटा गोडसर लागतो, कारण थंडीत त्याच्यातल्या स्टार्चची साखर होते. तसा असेल तर आठ-दहा दिवस घरात, उजेडापासून दूर, टोपलीत राहू द्या, गोडवा बराच उतरतो.

उकडण्याच्या दोन रीती. ब्रिटिश रीत म्हणजे सालं काढून मोठे तुकडे करायचे, गार मिठाच्या पाण्यात घालून उकळायचे, पाणी निथळून पातेलं पुन्हा मिनिटभर आंचेवर ठेवून वाफ उडवायची. आपली रीत म्हणजे अख्खे, सालीसकट, कुकरमध्ये डब्यात पाणी न घालता. दुसरी मला जास्त आवडते, बटाटा पाणी पीत नाही. मात्र सोललेले तुकडे कुकरमध्ये घालू नका, ते भिजून जातात.

बटाटे गरम असतानाच सोला आणि पुरणयंत्रातून काढा. पुरणयंत्र या कामाला इतकं चपखल आहे की लंडनला राहणाऱ्यांनी पुढच्या भारतभेटीत एक जरूर न्यावं. एकही गुठळी राहत नाही आणि बटाटा हलका राहतो. मिक्सर किंवा ब्लेंडर अजिबात नको. पात्यानं बटाट्याच्या पेशी फुटतात, स्टार्च बाहेर येतो आणि चिकट खळ तयार होते, ती पुन्हा सुधारता येत नाही. आधी लोणी मिसळा, मग गरम दूध थोडं थोडं. नुसत्या खायच्या कुस्करलेल्या बटाट्यापेक्षा हा घट्ट हवा. मीठ, पांढरी मिरी, किसलेलं जायफळ. एक अंड्याचा बलक घातलात तर रंग सुरेख येतो, सक्ती नाही.

पाच-सहा सेंटिमीटर खोल काचेचं किंवा मातीचं भांडं घ्या, वीस बाय पंचवीस सेंटिमीटरच्या आसपासचं. त्यात मटण पसरा आणि ते गार होऊ द्या. ही पायरी गाळू नका. गरम रश्शावर बटाटा पसरला की तो खाली जातो आणि दोन थर उरतच नाहीत. मटणावर सायीसारखा पापुद्रा आला की बटाट्याचे चमचे आधी कडेनं सगळीकडे ठेवा, भांड्याला चिकटवून घ्या, मग मधला भाग भरा. कडा बंद झाल्या नाहीत तर रस वर उकळून बटाट्यावर येतो. शेवटी काट्यानं ओळी ओढा. त्या दिसायला छान असतात हे खरं, पण त्यांचं खरं काम उंचवटे करण्याचं आहे, कारण उंचवट्यांचे शेंडे आधी तांबूस आणि कुरकुरीत होतात. लोण्याचे बारीक तुकडे वर टाका.

ओव्हन आधी २०० अंशांवर तापवा, पंख्याचा असेल तर १८०. भांडं ताटलीवर ठेवून आत घाला, रस सांडला तर ओव्हन वाचतो. पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. फ्रीजमधून थेट काढलेला असेल तर पंचेचाळीस. वरचा रंग पाहून काढू नका, कडांना रस उकळताना दिसला पाहिजे, तेव्हा आतलं गरम झालेलं असतं. बाहेर काढून दहा मिनिटं थांबा, नाही तर वाढताना सगळं ताटात पसरतं.

ओव्हन नसेल तर? जुनी ब्रिटिश पुस्तकं ‘विस्तवासमोर’ भाजायलाही सांगतात, आणि सॅलमँडर नावाची लोखंडी चकती लालभडक तापवून पदार्थावर धरायची पद्धतही होती. आपल्याकडे गोव्यात बेबिंका आणि सीकेपी घरांत भानोलं खाली-वर निखारे ठेवून होत आलं आहे, ती रीत इथे तंतोतंत लागू पडते : जाड पातेलं, सपाट झाकण, झाकणावर निखारे. गॅसवर करायचं तर ग्रिलनं फक्त वरचा भाग तापतो, म्हणून इथे मटण गार न करता चांगलं गरम करून त्यावर गरम बटाटा घट्टसर पसरा आणि मायक्रोवेव्हच्या ग्रिलखाली दहा मिनिटं लाल करा.

काय घालू नये, हेही स्पष्ट सांगते. वर चीज घातलंत तर चव वाईट होणार नाही, पण कंबरलंड पाय या नावाचा वेगळा पदार्थ आहे, त्यावर चीज आणि पावाचा चुरा असतो. त्याचं नाव त्यालाच राहू द्या. मक्याचे दाणे कॅनडातल्या क्वेबेकच्या पाते शिन्वामध्ये असतात : खाली खिमा, मध्ये मका, वर बटाटा. तिथला तो आवडता घरगुती पदार्थ आहे. फ्रेंचांचा आशी पार्मांतिए हा बटाट्याचा पुरस्कार करणाऱ्या अंत्वान पार्मांतिए या औषधशास्त्रज्ञाच्या नावाचा. तोही या कुळातलाच. आणि गोव्यातलं, मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतलं पोटॅटो चॉप पाहा, खिमा आत, कुस्करलेला बटाटा बाहेर, रव्यात किंवा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं. जिन्नस तेच, बांधणी निराळी. या सगळ्यांना आपापली नावं आहेत. गरम मसाला, हिरवी मिरची, कोथिंबीर घातलेल्या खिम्यावर बटाट्याचं झाकण घालून भाजलं तर फार चविष्ट पदार्थ होतो, जरूर करा, फक्त त्याला खिमा-बटाटा बेक म्हणा. शेपर्ड्स पायची मजा मटणाची चव मसाल्याआड न जाता समोर येण्यात आहे, आणि ती एकदा तरी तशीच घेतली पाहिजे. मटार मात्र घालायचे असतील तर मूठभर घाला, ते कुणाला खटकत नाहीत. मला ते शेजारी लोण्यात परतून वाढलेले जास्त आवडतात.

शाकाहारी घरांसाठी भिजवलेला अख्खा मसूर आणि बारीक चिरलेले मशरूम हे मटणाच्या जागी उत्तम. मसूर अख्खाच राहील इतपत शिजवा, रसासाठी सुके मशरूम भिजवलेलं पाणी वापरा. वूस्टर सॉसच्या बाटलीवर मासळी लिहिलेली नाही ना, ते पाहून घ्या.

बरोबर काय वाढायचं? उकडलेला कोबी, मटार, किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेला लाल कोबी. पोळी, पाव, भात काही लागत नाही, बटाटा आहेच. उरलेला पाय दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा, गरम करताना आतून वाफा येईपर्यंत करा आणि एकदाच करा. न भाजलेला पाय झाकून डीप फ्रीजरमध्ये तीन महिने राहतो, भाजण्याआधी रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा.

तेव्हा येत्या रविवारी घरी मटण आणाल तेव्हा किलोभर जास्त आणा. हळद-मसाला पडण्याआधीच ते वेगळं शिजवून, त्याच्या अळणीसकट फ्रीजमध्ये ठेवा. सोमवारी संध्याकाळी त्याचा शेपर्ड्स पाय करा.